दोन इनास परेरा

"प्लेट नाही रे इथे," कबरी खणणारा बस्त्याव खड्ड्यातून म्हणाला.

तो कमरेपर्यंत जमिनीत होता आणि मी वर उभा, काखेत लाकडी पेटी धरून. जानेवारीतली सकाळ होती. देवळातली मिसा, म्हणजे सकाळची उपासना, नुकतीच सुटली होती आणि लोक घराकडे पांगत होते. आम्ही वसईकडचे ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो. काही वर्षांनी कबर उघडून हाडं पेटीत घालायची आणि देवळाच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची, अशी आमची रीत.

"नीट बघ," मी म्हणालो. "डाव्या मांडीत आहे. वीतभर लांब, सहा स्क्रू."

"मांडीची दोन्ही हाडं तुझ्यासमोर ठेवलीत. एकात तरी भोक दिसतंय का?"

मी वाकून पाहिलं. हाडं स्वच्छ होती, सरळ आणि धडधाकट. माझे बाबा केळ्यांनी भरलेल्या बैलगाडीवरून पडले होते आणि त्यांची मांडी मधोमध मोडली होती. मुंबईच्या इस्पितळात पोलादी पट्टी घालून ती सांधली, आणि पुढची नऊ वर्षं ते लंगडत चालले. माणूस मातीत जातो, पोलाद जात नाही.

"मग हा कोण?" मी विचारलं.

बस्त्यावने कपाळावरचा घाम पुसला. "परेरा असणार," तो म्हणाला. "एवढं मी डोळे मिटून सांगतो."

त्याची थट्टा नव्हती. आमच्या पानआळीत तेव्हा बासष्ट घरं होती आणि बासष्टच्या बासष्ट परेरा. त्यात थोरल्या नातवाला आजोबाचं नाव द्यायची रीत, त्यामुळे नावं तरी वेगळी कुठून येणार? तीन पेद्रू परेरा, पाच आंतोन परेरा आणि मोजायचा कंटाळा येईल इतक्या मारिया. ओळखायला मग घराण्याची टोपणनावं. आम्ही ढोलवाले, कारण पणजोबा ढोल वाजवायचे. विहिरीपलीकडचे तेलवाले. एका घराला बाराबोटे म्हणत, त्यांच्या कुण्या पूर्वजाच्या पायाला दोन बोटं जास्त होती म्हणून. पोस्टमनला हे सगळं पाठ होतं. क्रुसावर मात्र टोपणनाव लिहायची पद्धत नव्हती. तिथे सगळे नुसते परेरा.

हे नाव आलं कुठून, असं विचारलं की आळीतला कुणीही छाती फुगवून सांगे, फिरंगी कप्तान होता, घोड्यावरून आला, त्याचे आपण वंशज. माझ्या काकांनी तर त्याची तलवार कुठे पुरली आहे तेही शोधून ठेवलं होतं, फक्त खणायचं बाकी होतं. शाळेत एका मास्तरांनी सांगितलं, की परेरा म्हणजे नासपतीचं झाड. आमच्या आळीत केळी, पानवेली, नारळ सगळं होतं, पण नासपतीचं झाड कुणी जन्मात पाहिलं नव्हतं. कप्तानाचा घोडा तरी निदान चित्रात पाहिलेला.

(आमची बोली जशीच्या तशी लिहिली तर तुम्हाला निम्मी कळायची नाही. म्हणून सगळ्यांचं बोलणं जरा सरळ करून लिहितोय.)

तर मी त्या खड्ड्याच्या काठावर उभा होतो. हा कोण, ते आता मला कळलं होतं. चूक कुणाची, तेही कळलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी मे महिन्यात बाबा गेले. त्यांचं नाव इनास परेरा. बरोबर दोन आठवड्यांनी तेलवाल्यांचा इनास परेरा गेला. तो कोंसूकाकीचा नवरा, दारूने लिव्हर गेलेला. दोघांना एकाच रांगेत पुरलं, मध्ये एक कबर सोडून. ती मधली एका म्हाताऱ्या मारिया परेराची. मग पाऊस आला आणि त्या वर्षी असा कोसळला की सिमेतरीतले, म्हणजे कबरस्तानातले, मातीचे उंचवटे सपाट झाले, लाकडी क्रूस आडवे पडले. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, कबरी साफ करून मेणबत्त्या लावायच्या असतात. त्याच्या आदल्या दिवशी मी मुंबईहून रंगाचा डबा घेऊन आलो. मी वीस वर्षांचा, नोकरी नवी, संध्याकाळी परत जायची घाई. आई चार महिने घराबाहेर पडली नव्हती, आणि मयतीच्या दिवशी आम्ही दोघंही भानावर नव्हतो. तिने एवढंच सांगितलं, "रांगेत चौथी आहे."

गवतात दोन क्रूस पडले होते. दोन्हींवर इनास परेरा. तारखा धुऊन गेलेल्या. रांगेत एकूण नऊ कबरी, एका टोकाला भिंत, दुसऱ्या टोकाला विहीर. मी विहिरीकडून आलो होतो, म्हणून विहिरीकडून मोजलं. चौथ्या जागी क्रूस रोवला, पांढऱ्या रंगाने नाव आणि बाबांची तारीख घोटून काढली आणि पाच वीसची गाडी पकडली.

स्टेशनावर एकदा मनात आलं होतं, की चौथी भिंतीकडून असेल तर? पण गाडी आली आणि मी चढलो. माणूस अशा शंका गिळतो आणि त्या पचल्या असं समजतो.

"आता काय करायचं?" बस्त्यावने विचारलं.

"आई चार वाजता येणार आहे," मी म्हणालो.

त्याने पावडं बाजूला ठेवलं. माझी आई नतालीन काय चीज आहे, हे आळीत सगळ्यांना माहीत होतं. ती दर सोमवारी सकाळी या कबरीवर येई. सोमवार मृतांच्या आत्म्यांचा वार. माळ जपायची, मेणबत्ती लावायची आणि मग अर्धा तास बसून कबरीशी बोलायचं. पाऊस असो, ताप असो, त्या नोव्हेंबरपासून तिने एकही सोमवार चुकवला नव्हता.

आणि तेलवाल्यांच्या कोंसूकाकीशी ती अकरा वर्षं बोलत नव्हती. कारण ऐकाल तर हसाल. बाबांना जाऊन महिना झाला तेव्हा आईने त्यांच्या नावाची मिसा सांगितली. फादरांनी देवळात नाव वाचलं, इनास परेरा. मिसा सुटल्यावर कोंसूकाकी दारात उभी राहून, डोळे पुसत, "आमच्या माणसासाठी आलात, देव बरं करो," असं लोकांना म्हणू लागली. तिला वाटलं, देवळानेच तिच्या नवऱ्यासाठी केली. आई घरी येऊन म्हणाली, "माझ्या माणसाची मिसा तिने लाटली." तेव्हापासून अबोला. आईची पक्की समजूत होती, की प्रार्थना पत्रासारखी असते. पत्ता चुकला की दुसऱ्याच्या घरात पडते आणि ज्याची त्याला मिळत नाही.

एक मिसा चुकीच्या इनासला गेली म्हणून अकरा वर्षं तोंड न बघणारी बाई. तिला आता मी सांगायचं होतं, की सगळे सोमवार तिकडेच गेले, आणि ते माझ्यामुळे.

मी फादर मिंगेल लोपीस यांच्याकडे गेलो. म्हातारे, आमच्याच पट्टीतले पण दुसऱ्या गावचे, आणि त्याचा त्यांना अभिमान. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"फादर, नाही सांगितलं तर चालेल?" मी विचारलं. "हीच हाडं पेटीत घालू. कोनाड्यात ठेवू. कुणाला कळणार आहे?"

"बस्त्यावला कळलंय, तुला कळलंय, आता मलाही कळलं," ते म्हणाले. "आणि तुझा बाप त्या दुसऱ्या खड्ड्यात राहील त्याचं काय? कोंसूकडे जा. तिच्या परवानगीशिवाय ती कबर उघडता येणार नाही."

अबोला आईचा होता, माझा नव्हता, तरी त्या अंगणात मी लहानपणानंतर पाऊल टाकलं नव्हतं. कोंसूकाकी मांडवावर सुकेळी उलटत होती. राजेळी केळी सोलून उन्हात वाळत घातलेली, सगळ्या अंगणात गोड वास. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हात थांबवला नाही.

"ढोलवाल्यांचा जोकू ना तू? कोण गेलं?"

"कुणी नाही, काकी." मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. मोजणी, क्रूस, रंग, प्लेट, सगळं. सांगताना माझा आवाज फुटला याची मला आजही लाज नाही.

ती खाली बसली. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. ती म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं. आमचा विहिरीकडे पुरला होता. पण मी संध्याकाळी गेले तर तिथे तुझा ताजा रंग. नतालीनच्या घरचे शिकलेले, त्यांची चूक कशी होईल? म्हटलं, दुःखात माझंच डोकं फिरलं असेल. दुसरा क्रूस पडला होता, तो मी पलीकडे लावला." मग तिने एकदम तोंडावर हात ठेवला. "अरे देवा. म्हणजे मी अकरा वर्षं नतालीनच्या नवऱ्याला शिव्या घातल्या."

"शिव्या?"

"मग काय आरती ओवाळणार होते? घरात एक दिवस शुद्धीवर नव्हता. पोरींच्या लग्नात नाही, पोराच्या पहिल्या कम्युनिअनला नाही. जिवंतपणी ऐकून घ्यायला जागेवर सापडला नाही, म्हणून दर सोमवारी संध्याकाळी जायचे आणि सगळा हिशेब तिथे चुकता करायचे. मेल्या, पळून गेलास ना, आता ऐक." ती माझ्याकडे कावऱ्याबावऱ्या नजरेने बघत होती. "आणि तो बिचारा इनास ढोलवाला, जन्मात कुणाला अरे म्हणाला नाही, तो ऐकत राहिला."

मला हसू आलं आणि ते आवरता येईना. सकाळपासून छातीवर बसलेलं ओझं कुठेतरी जरा हललं. कोंसूकाकी रागावली नाही. "हस," ती म्हणाली. "पण नतालीनला यातलं काही सांगू नकोस. चल, मीपण येते. पाय धुते थांब."

दुपारी बस्त्यावने दुसरी कबर उघडली. तीन वाजता त्याच्या पावड्याला काहीतरी खण्ण वाजलं. त्याने वाकून माती पुसली आणि पट्टी वर धरली. गंजून काळी पडलेली, पण सहाच्या सहा स्क्रू जागेवर. मी ती हातात घेतली. लहान असताना मी बाबांच्या मांडीवर बोट दाबून स्क्रू मोजायचो आणि ते दुखत असलं तरी गप्प बसायचे. मी तिथेच रडलो.

आई चारच्या आधीच आली. हातात पांढरं कापड, नवं, घडी न मोडलेलं. तिने एक खड्डा पाहिला, दुसरा पाहिला, मग कोंसूकाकीला पाहिलं, मग माझ्या हातातली प्लेट. ती हुशार बाई. अर्ध्याहून जास्त तिला तिथेच उमजलं.

"कुठून निघाली ही?" तिने विचारलं.

मी बोट दाखवलं आणि सांगितलं. फादर शेजारी उभे होते. माझं संपल्यावर आई चालत गेली आणि भिंतीलगतच्या दगडी बाकावर बसली. माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. तिने कापड मांडीवर ठेवलं आणि त्यावरून हात फिरवत राहिली.

"एकही पोचली नाही त्यांना," ती म्हणाली. "अकरा वर्षं ते वाट बघत असतील. म्हणत असतील, नतालीन विसरली."

"आई, माझी चूक आहे."

"तुझी असेल नाही तर कुणाची. पोचली नाही ते नाहीच."

इतका कोरडा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, ही आता घरी जाऊन अंथरूण धरेल आणि उठणार नाही. बाबा गेले तेव्हा असंच झालं होतं.

फादर तिच्या शेजारी बसले. "नतालीनबाय," ते म्हणाले, "परेरा कोण होता, तुम्हाला माहीत आहे?"

"कप्तान," आई म्हणाली. तिचं लक्ष नव्हतं.

"देवळात एक जुनी वही आहे. माझ्या आधी दोन-तीन फादर होऊन गेले, त्यांतल्या एकाने इथल्या म्हाताऱ्यांकडून ऐकून लिहिलेली. खरं किती, खोटं किती, देवाला ठाऊक. त्यात कप्तान नाही. स्वयंपाकी आहे."

बस्त्याव खड्ड्यात होता तिथेच थांबला. पानआळीच्या घोडेस्वाराला कुणी पहिल्यांदाच चुलीपाशी बसवत होतं.

"या आळीतल्या तुम्हा सगळ्यांच्या पूर्वजांचा बाप्तिस्मा फिरंग्यांच्या राज्यात एका दिवशी झाला," फादर म्हणाले. "ऐंशी-नव्वद माणसं. आता बाप्तिस्मा म्हणजे धर्मपिता हवा. मोठे साहेबलोक एखाद्या पोराला उभे राहायचे. एवढ्यांना कोण राहणार? धर्मपिता झालं की त्या माणसासाठी जन्मभर प्रार्थना करावी लागते. सगळ्यांनी अंग काढून घेतलं. तेव्हा हा परेरा मुदपाकखान्यातून हात पुसत आला आणि म्हणाला, मी राहतो. सकाळपासून दुपार टळेपर्यंत उभा होता. ज्याला त्याने हात लावला, त्याला त्याचं नाव मिळालं. तुम्ही कुणी त्याच्या रक्ताचे नाही. आपसातही नाही."

आई आता त्यांच्याकडे बघत होती. "त्याला आपली भाषा येत होती?"

"नसेल येत."

"मग नावं कशी लक्षात ठेवली एवढ्यांची?"

"ठेवली असतील असं मला वाटत नाही."

"तोंडं तरी?"

"नव्वद माणसांची?"

"मग तो प्रार्थना कुणासाठी करायचा?" आईने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"सगळ्यांसाठी मिळून करत असेल. कोण कुठला, ते त्याला कळत नव्हतं. पण मरेपर्यंत करत होता, एवढं वहीत आहे."

आईने मांडीवरच्या कापडाची कड बोटांनी सारखी केली. मग म्हणाली, "म्हणजे पत्ता त्यालाही माहीत नव्हता."

"नव्हता," फादर म्हणाले.

तिने एक मोठा श्वास घेतला आणि सोडला. मी तिच्याकडे बघत होतो, म्हणून मला दिसलं, तिचे खांदे खाली आले. अंथरूण धरायची भीती तिथे संपली. मला इतकं मोकळं वाटलं की मी त्या मातीत फतकल मारून बसलो.

इतका वेळ कोंसूकाकी मारिया परेराच्या क्रुसाला धरून उभी होती. ती पुढे आली. तिने मला गप्प राहायला सांगितलं होतं आणि आता स्वतःच बोलून बसली. "नतालीन, मी तुझ्या माणसाला फार वाईट बोलले. दर सोमवारी. माझा समजून."

आईने वर पाहिलं. अकरा वर्षांनी दोघींची नजर भिडली. "काय बोललीस?"

"इथे सांगण्यासारखं नाही. फादर आहेत."

"तरी?"

"आळशी म्हटलं. घरबुडव्या म्हटलं. बायकोकडे लक्ष नाही म्हटलं."

"लक्ष नव्हतंच त्यांचं," आई म्हणाली. "केळी, बैल आणि झोप. मी कधी तोंडातून काढलं नाही. बरं झालं, कुणीतरी बोललं." आणि ती हसली. फादर मिंगेल दुसरीकडे बघू लागले, बस्त्याव खड्ड्यात खाली वाकला, पण हसत दोघेही होते.

कोंसूकाकी मात्र हसली नाही. ती बाकाच्या कडेला टेकली, आईपासून हातभर लांब.

"आणि तू?" तिने विचारलं. "माझ्या इनासला तू काय सांगायचीस?"

"रोजचंच गं. पोरं कशी आहेत. केळीचे लोंगर कसे आले. विहिरीचं पाणी किती खाली गेलं." आई आठवत म्हणाली. "आणि निघताना दर वेळी एकच म्हणायचे. मातीवर हात ठेवून. तू फार चांगला माणूस होतास, इनास. तुझ्यामुळे माझे दिवस बरे गेले."

कोंसूकाकीने पदर तोंडाला लावला. तिची पाठ हलायला लागली. नवऱ्याच्या मयतीतही ती अशी रडली नव्हती, म्हणे.

"त्याला असं कुणी कधी म्हणालंच नव्हतं," ती म्हणाली. "त्याच्या आईनेसुद्धा नाही. मी तर नाहीच नाही."

आई सरकली. मधलं हातभर अंतर राहिलं नाही. तिने कोंसूकाकीच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"आता ऐकून झालंय त्याचं," आई म्हणाली. "ऊठ, कोंसू. दोघांना आत नेऊन ठेवू."